छापील हजेरीपत्रक: दिवस मोजतं, उशीर मोजत नाही

जून उजाडला की तालुक्याच्या स्टेशनरी दुकानात आडव्या, लांबट, पुठ्ठ्याच्या वह्यांची थप्पी लागते. वर हजेरीपत्रक असं छापलेलं असलं तरी शिक्षकांच्या तोंडी शब्द एकच, कॅटलॉग. पहिली ते पाचवीच्या वर्गाला हे छापील हजेरीपत्रक कितपत उपयोगी पडतं, मुलाच्या गैरहजेरीबद्दल आणि उशिराबद्दल त्यातून काय कळतं, काय निसटतं, आणि मोबाइलवर हजेरी भरायला लागल्यापासून त्याची गरज उरली आहे का, एवढ्यापुरतं हे परीक्षण.

मत आधीच सांगून टाकतो. वस्तू चांगली आहे, टिकाऊ आहे, वीज आणि रेंज मागत नाही. पण छापून येते तशीच भरली तर ती केंद्रप्रमुखांच्या, म्हणजे आसपासच्या शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, भेटीसाठी ठेवलेली वही होते. पट्टी घेऊन तिच्यात दोन रकाने स्वतः आखले, तर कोणतं मूल शाळेपासून तुटत चाललंय हे महिनाभर आधी दिसतं.

आधी रचना. एका महिन्याला समोरासमोरची दोन पानं. डावीकडे अनुक्रमांक, जनरल रजिस्टरचा (शाळेच्या प्रवेशनोंदींच्या वहीचा) क्रमांक, मुलाचं नाव, जन्मतारीख, प्रवर्ग. मग १ ते ३१ चे अरुंद रकाने. उजव्या टोकाला चालू महिन्याचे हजर दिवस, मागील एकूण, आजअखेर एकूण आणि शेरा. तळाशी रोजची बेरीज: मुलगे, मुली, एकूण. महिन्याच्या शेवटी गोषवारा, म्हणजे पट (वर्गात नाव नोंदलेल्या मुलांची संख्या), कामाचे दिवस, सरासरी हजेरी, शेकडा प्रमाण आणि प्रवर्गनिहाय संख्या.

घेताना वरचा पुठ्ठा बघू नका, आतलं पान बघा. रोज उघडायची आणि हाताळायची वही आहे, त्यात पहिले तीन महिने पावसाचे. पातळ कागदावर जेल पेनाची शाई पसरते आणि मागच्या पानावर उमटते, म्हणून बॉलपेनच वापरायचं. पिना मारलेली बांधणी दिवाळीच्या सुमारास सुटू लागते, कारण आडवी वही एका कडेला धरून उचलली की सगळा ताण त्या दोन पिनांवर येतो. दोऱ्याने शिवलेली घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी. नावाचा रकाना रुंद हवा. मुलाचं, वडिलांचं नाव आणि आडनाव एका ओळीत मावलं नाही तर शिक्षक आद्याक्षरं लिहितात, आणि एकाच वर्गात दोन आरोही किंवा दोन सोहम असले की बेरीज भलत्याच ओळीत जाते. दर महिन्याला नावं नव्याने लिहावी लागतात हा या वहीचा खरा जाच. बत्तीसचा पट असेल तर अकरा महिन्यांत ३५२ वेळा नावं लिहायची. काही हजेरीपत्रकांत आतली पानं आखूड कापलेली असतात आणि नावाचं पान बाहेर दिसत राहतं. मिळाली तर तीच घ्या. मात्र वर्षाच्या मध्यात दाखल होणाऱ्यांसाठी खाली पाच-सहा ओळी मोकळ्या सोडा.

भरण्याची पद्धत शाळेगणिक वेगळी असते. बऱ्याच ठिकाणी सकाळी एक तिरकी रेघ आणि मधल्या सुट्टीनंतर तिला छेदणारी दुसरी, म्हणजे पूर्ण दिवसाची फुली. काही ठिकाणी हजर मुलाला उभी रेघ आणि गैरहजर मुलाला शून्य किंवा ‘गै’. कोणतीही चालेल, पण शाळेत एकच असावी, नाहीतर शिक्षक रजेवर गेल्यावर बदलीवर आलेल्या बाईंना कालची फुली म्हणजे काय तेच समजत नाही. रविवार आणि सुट्ट्या लाल शाईने, कारण लिहून, आणि जमल्यास महिन्याच्या पहिल्याच दिवशी. खाडाखोड झाली तर एक आडवी रेघ मारून शेजारी सही करायची. व्हाइटनर लावलेलं हजेरीपत्रक तपासणीत संशयालाच पात्र ठरतं.

आणि एक खोड. गैरहजर मुलासमोर पेन्सिलीने बारीक टिंब ठेवायचं आणि ‘येईल नंतर’ म्हणून पुढे जायचं. दुपारी विसर पडतो, संध्याकाळी घाई असते, आठवड्याच्या शेवटी सगळी टिंबं एकदम फुल्या होतात. इथेच हजेरीपत्रक खोटं व्हायला लागतं, आणि त्यामागे बहुतेक वेळा वाईट हेतू नसतो. टिंब ठेवायचंच असेल तर त्याच दिवशी, शाळा सुटण्यापूर्वी त्याचं काहीतरी करायचं.

वाईट हेतूचा इतिहासही आहेच. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावून डोकी मोजली गेली, आणि कागदावर भरलेले वर्ग प्रत्यक्षात किती रिकामे असतात ते उघड झालं. पटावर शिक्षकांची पदं आणि अनुदान अवलंबून असल्यामुळे फुली मारण्याचा मोह जुना आहे. तेव्हापासून हजेरीपत्रकाकडे बघणारी नजर हिशेब तपासनिसाची झाली आणि मूल शोधणारी नजर मागे पडली. मोबाइलवरच्या हजेरीचा जन्मही त्याच नजरेतून झाला आहे.

हजेरी खोटी भरली की ती पहिल्यांदा स्वयंपाकघरात पकडली जाते. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीला दर मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ. हजेरीपत्रकात ३० आणि पंगतीला २६ असतील, तर दिवसाला ४०० ग्रॅम आणि २४ दिवसांच्या महिन्यात ९ किलो ६०० ग्रॅम तांदूळ कागदावर खर्च झालेला, कोठीत मात्र शिल्लक. पोषण आहाराची नोंदवही आणि हजेरीपत्रक शेजारी ठेवून मुख्याध्यापकांनी आठवड्यातून एकदा बघितलं तरी पुरे. दुसरं टोकही बघा. तांदूळ सकाळच्या हजेरीवरून मोजून दिला जातो, त्यामुळे अकरा वाजून गेल्यावर आलेली चार मुलं हिशेबात नसतात आणि सगळ्यांच्या ताटात थोडं थोडं कमी पडतं.

आता मुख्य उणीव. या वहीत उशिराला जागाच नाही.

साडेदहाची शाळा धरा. घंटा, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, पाढे. परिपाठ वीस-पंचवीस मिनिटं चालतो. मग मुलं वर्गात जातात, बसतात, आणि हजेरी होते. म्हणजे ज्याने पूर्ण परिपाठ चुकवला तोही ‘हजर’, आणि जो दहा वाजून वीस मिनिटांनी येऊन अंगण झाडत होता तोही ‘हजर’. दोघांची फुली सारखीच. वर्षाअखेर दोघांचे दिवस सारखे, शिकणं मात्र सारखं नाही, आणि का नाही याचं उत्तर हजेरीपत्रकात सापडत नाही.

उशिराचं गणित कागदावर मांडून पालकसभेत दाखवावं असं आहे. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवलंय, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. एखादं मूल रोज पंधरा मिनिटं उशिरा येत असेल तर २०० दिवसांत ३,००० मिनिटं, म्हणजे ५० तास, म्हणजे साडेबारा दिवसांची शाळा बुडाली. एकही गैरहजेरी न लागता. आणि ही पंधरा मिनिटं दिवसभरातली कुठलीही नसतात, नेमकी पहिली असतात. बहुतेक शाळांत पहिला तास भाषेचा किंवा गणिताचा असतो, त्यामुळे तुटते तीही वाचन आणि संख्याज्ञानाचीच साखळी. पहिलीत अक्षरं गटागटाने शिकवली जातात. एक गट झाला की त्यातल्या अक्षरांचे शब्द, मग पुढचा गट. ज्या दिवशी नवा गट फळ्यावर आला त्या दिवशी मूल नसेल तर पुढचे चार दिवस ते शब्द वाचत नाही, चित्र बघून ओळखतं. बाईंना ते वाचतंय असंच वाटतं.

यावर उपाय पट्टी आणि पेन्सिल. शेरा या रकान्याचे उभे दोन भाग करा. एकात ‘उ’, म्हणजे महिन्यातले उशिराचे दिवस. दुसऱ्यात ‘का’, म्हणजे कारण. रोजच्या चौकटीत फुली नेहमीसारखीच मारायची, फक्त उशीर झाला असेल तर कोपऱ्यात बारीक ‘उ’. परिपाठ सुरू झाल्यावर आलेला तो उशिरा, एवढी एकच व्याख्या ठेवा. मिनिटं लिहीत बसू नका, तो उत्साह जुलैतच मावळतो.

कारणांसाठी पाच अक्षरं पुरतात: आ आजार, ग गावाला, घ घरकाम किंवा धाकटं भावंड, वा वाहन, प पाऊस किंवा ओढा. सहावं कारण निघालं तर शब्दांत लिहा. दोन महिन्यांनी पान उघडलं की नकाशा दिसायला लागतो. दर मंगळवारी चौघांसमोर शून्य, म्हणजे तो बाजाराचा दिवस. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा निम्मे ‘उ’ शनिवारचेच निघतील. ज्यांचं गाव शाळेपासून एक-दीड किलोमीटरवर, ती मुलं नेहमी एकत्र उशिरा, म्हणजे कारण मुलांत नाही, रस्त्यात आहे. मार्चपासून सकाळची शाळा झाली की ‘उ’ वाढतात, आणि जी मुलं वर्षभर वेळेवर होती तीच मागे पडायला लागतात. घरातली झोपण्याची वेळ बदलली नाही, उठण्याची बदलली.

शहरात हाच प्रश्न वर्षभर असतो. त्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय काढला, मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. निर्णय चांगला. पण दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळांना खोल्यांचं आणि बसच्या फेऱ्यांचं गणित जुळवणं अवघड जातं. सातची शाळा नऊची झाली तरी जी व्हॅन आधी वरच्या वर्गांना सोडून मग परत येते तिची वाट बघण्यात पुन्हा वीस मिनिटं जातात. इथे ‘वा’ हे अक्षर कामाला येतं. एकाच व्हॅनमधल्या आठ मुलांसमोर एकाच दिवशी ‘उ’ आणि ‘वा’ असेल तर आठ पालकांना चिठ्ठ्या पाठवण्यात अर्थ नाही, चालकाशी एकदा बोलावं.

भावंडांची नोंद हा या वहीचा सर्वात कमी वापरला जाणारा भाग आहे, खरं तर छापलेलाच नसतो. नावाशेजारी पेन्सिलीने भावंडाची इयत्ता लिहून ठेवा: ‘ता. ४ थी’, ‘भा. २ री’. मूल गैरहजर असलं की दुसऱ्या वर्गात डोकावून बघायचं. दोघंही नाहीत तर कारण घरचं: लग्न, आजारपण, गावाला जाणं. एक आलंय आणि एक नाही, तर कारण त्या मुलाचं: पोटदुखी, कुणाशी भांडण, वर्गातली भीती, न झालेला गृहपाठ. आणि चौथीतली ताई नाही पण दुसरीतला भाऊ आलाय, असं महिन्यात तीनदा झालं, तर घरी कुणीतरी तान्हं आहे किंवा आई कापूस वेचायला जाते. हे तीन निष्कर्ष नेहमीच बरोबर येतील असं नाही, पण फोन कुणाला करायचा आणि काय विचारायचं हे ठरवायला पुरेसे आहेत.

विचारण्याचा क्रमही ठरलेला असावा. पहिल्या दिवशी शेजारच्या मुलाला विचारायचं. दुसऱ्या दिवशी फोन. तिसऱ्या दिवशी, मूल गावातच असेल तर, शाळा सुटल्यावर घरी चक्कर. पाचव्या दिवशी मुख्याध्यापकांच्या कानावर. कारण नियमाप्रमाणे सलग एक महिन्याहून जास्त गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य धरलं जातं, आणि तिसाव्या दिवशी जागं झालेली शाळा मूल परत आणू शकते ते फार थोड्या वेळा. पहिल्या पाच दिवसांत मुलाला शाळेची आठवण असते, तीन आठवड्यांनी त्याला शाळेची लाज वाटते.

ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या शाळांची गोष्ट वेगळी. बीडसारख्या जिल्ह्यातली कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे कारखान्याच्या भागात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. तिथे रोज शून्य मारत बसणं हे हजेरीपत्रकाचं काम नाही. मूल जाण्याआधी त्याला शिक्षण हमी कार्ड द्यायचं, म्हणजे ते जिथे जाईल तिथल्या शाळेला कळतं की ते कोणत्या इयत्तेत आणि कुठवर शिकलंय. गावात आजी-आजोबा असतील तर हंगामी वसतिगृहाची सोय करून मूल मागे ठेवण्याबद्दल पालकांशी बोलायचं. हे बोलणं सप्टेंबरमध्ये व्हायला हवं, कारण मुकादमाची, म्हणजे टोळी नेणाऱ्या कंत्राटदाराची, उचल (आगाऊ रक्कम) घेतली की घराचं जाणं ठरलेलं असतं. गेल्या वर्षीचं हजेरीपत्रक काढून नोव्हेंबरपासून कोणासमोर ओळीने शून्य आहेत ते बघितलं, की यंदाची यादी पाच मिनिटांत तयार.

बेरजेकडे वळू, कारण इथे चुका सर्वात जास्त होतात. उदाहरण घ्या: पट ३२, कामाचे दिवस २४. सर्वांनी रोज हजेरी लावली असती तर ७६८. प्रत्यक्ष एकूण हजेरी ६५३. सरासरी म्हणजे ६५३ भागिले २४, साधारण २७.२. शेकडा म्हणजे २७.२ भागिले ३२ गुणिले १००, सुमारे ८५. ताळा असा: आडव्या ओळींची बेरीज आणि उभ्या रकान्यांची बेरीज जुळलीच पाहिजे. जुळत नसेल तर चूक बहुधा अर्ध्या दिवसाच्या फुलीत किंवा महिन्याच्या मध्यात आलेल्या मुलात असते. १२ तारखेला दाखल झालेल्या मुलाच्या आधीच्या चौकटींत शून्य मारायचं नाही, आडवी रेघ ओढायची. आणि त्या महिन्याचं शेकडा प्रमाण काढताना ३२ ने नाही, रोजच्या पटाच्या बेरजेने भागायचं. दाखला घेऊन गेलेल्या मुलाचंही तसंच.

गणित बरोबर आलं तरी ८५ टक्के हा आकडा फसवा आहे. आपल्या उदाहरणात ११५ गैरहजेऱ्या आहेत. त्यातल्या ६० फक्त पाच मुलांच्या असतील, प्रत्येकी बारा, म्हणजे अर्धा महिना. उरलेल्या ५५ बाकीच्या सत्तावीस मुलांत वाटल्या, साधारण दोन-दोन. वर्ग ८५ टक्क्यांवर आणि पाच मुलं ५० वर. गोषवाऱ्यात ८५ जातात, वर पाठवले जातात, कुणी काही विचारत नाही. छापणाऱ्यांनी गोषवाऱ्याच्या पानावर एवढी एक ओळ छापली असती तर बरं झालं असतं: या महिन्यात चारपेक्षा जास्त दिवस गैरहजर असलेल्या मुलांची नावं. छापलेली नाही, म्हणून हाताने लिहा. ही यादी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत न्यायची. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. त्या मुलाची गल्ली कोणती, आई कुठे कामाला जाते, हे शिक्षकापेक्षा त्यांना नीट माहीत असतं. फक्त नावं बैठकीत मोठ्याने वाचून पालकांना शरमिंदं करू नका, एकेका सदस्याकडे दोन-दोन नावं द्या.

वर्षाला गैरहजेरीचे किती दिवस चालतील, हे पालक हमखास विचारतात. २०० दिवसांच्या वर्षात दहा टक्के म्हणजे २० दिवस, म्हणजे महिन्याला दोन. ऐकायला काहीच नाही वाटत. पण दोनाची तीन झाली की काळजीने बघायला लागावं, असा साधा ठोकताळा ठेवा.

शंभर टक्के हजेरीच्या प्रमाणपत्राबद्दल आमचं मत फारसं चांगलं नाही. ते मिळतं त्या मुलांना, ज्यांच्या घरी आधीच सगळं सुरळीत आहे. उलट ते जाऊ नये म्हणून आई ताप असलेल्या मुलाला गोळी देऊन पाठवते, डोळे आलेलं मूल बाकावर बसतं, आणि तीन दिवसांत अख्खी रांग घरी. ताप उतरून, औषधाशिवाय, एक दिवस गेल्यावरच मुलाला पाठवावं हे पालकांना वर्षाच्या सुरुवातीलाच सांगा आणि ‘आ’ अक्षराला शिक्षेची छटा येऊ देऊ नका. बक्षीस द्यायचंच तर मागच्या महिन्यापेक्षा ज्याचे ‘उ’ निम्म्यावर आले त्याला द्या.

सरकारचं बक्षीसही आहे. दुर्बल घटकांतल्या प्राथमिकच्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता, दिवसाला एक रुपया. योजना १९९२ सालची. तेव्हा त्या रुपयाला काही किंमत होती. आता वर्षभराच्या भत्त्यासाठी बँकेत खातं उघडायचं तर आईची एका दिवसाची मजुरी त्याहून जास्त बुडते. या भत्त्याचा आधारही हजेरीपत्रकच, म्हणून मुलींच्या ओळी बिनचूक ठेवा, रुपया असला तरी तो त्यांचा आहे.

उशिरा आलेल्या मुलाचं काय करायचं, यावर वहीत काही नाही आणि शाळेत मात्र भलतंच चालतं. दाराबाहेर उभं करणं, मैदानाला फेऱ्या, उठाबशा, सगळ्यांसमोर ‘आले बघा साहेब’. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब जमत नाही: दहा मिनिटं उशीर झालेलं मूल वीस मिनिटं बाहेर उभं राहिलं की अर्धा तास बुडाला. आणि उद्या उशीर झालाच तर ते येणारच नाही, ‘उ’ चं शून्य होईल. आत घ्यायचं, शेजारच्याने वही दाखवायची, कारण मधल्या सुट्टीत विचारायचं.

एक गोष्ट हजेरीपत्रकाच्या बाहेरची, पण लिहायलाच हवी. त्याच कायद्याचं कलम २४ शिक्षकाने नियमित आणि वेळेवर यावं असं पहिल्यांदा सांगतं, आणि मुलांच्या हजेरीबद्दल पालकांना नियमित सभेत कळवावं असं नंतर. तालुक्याहून अप-डाउन करणाऱ्या गुरुजींची एसटी रोज पावणेअकराला पोचत असेल, तर गावातली मुलं साडेदहाला येणं काही आठवड्यांत सोडून देतात.

पर्यायांचं काय? राज्यात डिसेंबर २०२३ पासून मोबाइलवरच्या बॉटद्वारे (चॅटमध्ये प्रश्न विचारून माहिती घेणाऱ्या प्रणालीद्वारे) रोजची हजेरी विद्या समीक्षा केंद्राकडे, म्हणजे राज्यातल्या शाळांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी केंद्राकडे, जाऊ लागली. फायदा खरा आहे: आकडे त्याच दिवशी वर जातात, त्यामुळे शुक्रवारी आठवडाभराच्या फुल्या एकदम मारण्याची सवय मोडते. तोटाही तितकाच खरा: तिथे मूल हजर किंवा गैरहजर, बस. उशीर, कारण, भावंडं यांना तिथे जागा नाही. रेंज नसलेल्या वाडीवर शिक्षक टेकाडावर जाऊन हजेरी भरतात, तो वेळ पुन्हा पहिल्या तासातूनच जातो. दुहेरी नोंदीचा वैताग रास्त आहे, पण दोन्हींपैकी एकच ठेवायचं म्हटलं तर वर्गाच्या कामाचं कागदच. आधी कागदावर, मग तोच आकडा मोबाइलवर, हा क्रम उलटा झाला की दोन्हीकडे वेगळे आकडे जातात.

बोटाचा ठसा घेणारी यंत्रं काही खासगी शाळांनी प्राथमिकलाही लावली आहेत. घेऊ नका. लहान मुलांच्या बोटांच्या रेषा बारीक असतात आणि वयानुसार बदलतात. आधारसाठीसुद्धा ठसे पाचव्या वर्षी पहिल्यांदा घेतात आणि पंधराव्या वर्षी पुन्हा नव्याने घ्यावे लागतात. त्यात ओले, मातीचे हात. समजा सगळं नीट चाललं आणि एका मुलाला पाच सेकंद लागले, तरी २०० मुलांची रांग सतरा मिनिटांची. यंत्रच सगळ्या शाळेला उशीर करतं.

पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप कळवण्यासाठी उत्तम, नोंदीसाठी निरुपयोगी. सकाळी अकराला ‘आज हे सहा जण आलेले नाहीत’ असा संदेश ग्रुपवर टाकू नका. ज्याचा त्याला खासगीत पाठवा, आणि ज्या घरात फोन वडिलांच्या खिशात शेतावर जातो तिथे आजीला निरोप देणारं शेजारचं मूलच भरवशाचं.

शेवटी साठवणीबद्दल. एप्रिलअखेर हजेरीपत्रक कपाटात जातं आणि जूनमध्ये पुढच्या वर्गाचे शिक्षक कोऱ्या वहीने सुरुवात करतात. वर्ग सोपवताना गुणपत्रकांबरोबर एक कागद द्या: प्रत्येक मुलाचे वर्षभरातले हजर दिवस, ‘उ’ किती आणि मुख्य कारणाचं अक्षर. बत्तीस ओळी, अर्ध्या तासाचं काम. हजेरीपत्रक उंदरांपासून लांब, लोखंडी कपाटात, उभं न ठेवता आडवं ठेवा. उभी ठेवलेली लांबट वही पहिल्याच पावसाळ्यात मधून वाकते आणि शिवण उसवते.